पाहुणा, शेजारी, घरचा

भालकी-बीदरकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'शहर' म्हणजे हैदराबाद. नाव घ्यायची गरज नसे. 'शहराला गेलाय' एवढे म्हटले की ऐकणारा समजून जाई. कोर्टाची तारीख, दवाखाना, लग्नाचा बस्ता, पोराचे कॉलेज, सगळी मोठी कामे शहराशी बांधलेली होती. मग १ नोव्हेंबर १९५६ चा दिवस उजाडला आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे एका दिवसात तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले; बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात; जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात. आमचे आजोबा ओसरीवर बसले होते तिथेच बसून राहिले आणि त्यांची राजधानी परराज्यात निघून गेली. पुढे १९८१ साली मी एम.ए. करायला उस्मानिया विद्यापीठात गेलो तो 'परराज्यातला विद्यार्थी' म्हणून. आजोबांचे शहर नातवाला परमुलूख झाले होते.

शिकायला परमुलखात जाणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पैठणला जाणारे होते, काशीला जाणारे होते, आता कोणी जर्मनीला जातो, कोणी कॅनडाला. त्याच्या अडचणींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ज्या प्रश्नाने अनेक वर्षे सोडले नाही तो मात्र जरा निराळा आहे. जो माणूस दुसऱ्यांच्या मुलखात चार-पाच वर्षे राहतो, त्यांचे पाणी पितो, त्यांच्या विद्यापीठात शिकतो, तो त्या मुलखाचे काही देणे लागतो का? लागत असेल तर काय, आणि नेमके कोणाचे? आपण सीमाभागातली माणसे आहोत. 'इथे राहता तर आमची भाषा शिका' हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत. तेव्हा हा प्रश्न आपल्याला टाळता येण्यासारखा नाही.

पहिले उत्तर हिशेबी माणसाचे असते. तो म्हणतो, मी फी भरली, मेसचे पैसे वेळेवर दिले, खोलीचे भाडे दिले. माझे काही देणे राहिलेले नाही. हे उत्तर वाटते तितके क्षुद्र नाही. मेसमध्ये सकाळी पप्पू, चारू आणि भाताचा डोंगर असे. गोंगुरा म्हणून जी हिरवी चटणी पानात पडे ती चाखल्यावर ध्यानात आले की ही तर आपली अंबाडी. त्या अन्नाचे पैसे मी देत होतो आणि वाढणाऱ्याला पगार मिळत होता. कोणी कोणावर उपकार करत नव्हते. ज्याच्यावर उपकार झाला नाही त्याच्यावर ऋण कसले?

शिवाय हैदराबाद हे असे शहर आहे की तिथे तेलुगूचा एक शब्द न शिकता जन्म काढता येतो. आमची दखनी बाजारात चाले. त्या दखनीत आपले 'नको' 'नक्को' होऊन बसलेले आहे, आपला 'च' 'वोइच', 'मैंच' असा जागोजाग डोकावतो. इराण्याच्या हॉटेलात मराठी माणसाला परके वाटतच नाही. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर दखनी, खोलीत मराठी. तेलुगू फक्त बसच्या पाटीवर दिसे, आणि पाटीवर इंग्रजीही असेच.

इमॅन्युएल कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ साली चिरंतन शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू समजून वागवले जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे. पृथ्वी गोल आणि मर्यादित आहे. माणसे पसरून पसरून किती पसरणार? शेवटी एकमेकांना सोसून घेणे भाग आहे. पण कांट लगेच एक भेद करतो. हा हक्क भेट देणाऱ्याचा आहे, पाहुणा म्हणून घरात राहण्याचा नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार हवा. हे लिहिणारा गृहस्थ आपल्या कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर आयुष्यात फारसा गेलाच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे ते शहर रशियाकडे गेले, त्याचे नाव कालिनिनग्राद झाले आणि रस्त्यावरची भाषाही बदलली. सीमा माणसाला ओलांडून कशी जाते ह्याचे उदाहरण त्याच्या गावाइतके ठळक दुसरे सापडणार नाही. असो. कांटने पाहुण्याचा हक्क सांगितला, यजमानाचे कर्तव्य सांगितले. पाहुण्याच्या कर्तव्याबद्दल त्याने सांगितले ते एवढेच की पाहुण्याने शांततेने वागावे. मला ते अपुरे वाटते, आणि ते का अपुरे आहे हे मला रविवारांनी शिकवले.

विद्यार्थ्याचे सहा दिवस संस्थेचे असतात. वेळापत्रक, ग्रंथालय, टिपणे, परीक्षा. सहा दिवसांत सगळे विद्यार्थी सारखेच दिसतात. रविवार तेवढा त्याचा स्वतःचा. त्या दिवशी तो कुठे जातो ह्यावरून त्याचे त्या मुलखाशी नाते काय आहे ते कळते.

माझ्या पाहण्यात रविवारचे चार प्रकार होते. काहीजण शनिवारी संध्याकाळीच विकाराबाद-बीदरवरून जाणारी गाडी धरून गावी पळत आणि सोमवारी डबा घेऊन परतत. त्यांचे शरीर हैदराबादेत होते इतकेच. दुसरे काही मराठी हैदराबाद गाठत. ह्या शहरात मराठी माणसाने पुष्कळ काही उभे केलेले आहे. केशवराव कोरटकरांसारख्यांनी उभी केलेली विवेकवर्धिनी आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, साहित्य परिषद आहे. कुरुंदकरांसारखा माणूस तरुणपणी ह्याच शहरात, सिटी कॉलेजात शिकला. त्या वातावरणात दिवस कसा जाई ते कळत नसे. तिसरे पाहणारे. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाज्यात टाळी वाजवायची आणि वर बालाहिसारवर ती ऐकू येते का ते पाहायचे. सालारजंग संग्रहालयातल्या घड्याळासमोर ताटकळून छोट्या पुतळ्याने घंटेवर टोले मारलेले पाहायचे. १५९१ च्या चारमिनारला वळसा घालून अबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तके चाळत संध्याकाळ करायची. मी ह्या तिन्ही प्रकारांत मनसोक्त राहिलो. त्यात गैर काही नाही. उलट ज्याने सालारजंग पाहिले नाही तो हैदराबादेत राहून आंधळा राहिला असे मी आजही म्हणेन.

चौथा प्रकार क्वचित घडे. वर्गातला एक मित्र हनमकोंड्याजवळच्या खेड्यातला होता. एका शनिवारी त्याच्याबरोबर काझीपेटला उतरून आम्ही त्याच्या गावी गेलो. दुसऱ्या दिवशी त्याने मला हनमकोंड्याचे सहस्रस्तंभ मंदिर दाखवले. पण लक्षात राहिले ते घर. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात त्याची आई, बहिणी, एक काका मोठमोठ्याने काही बोलत, हसत होते. मी आत गेलो आणि सगळे थांबले. मग काका दखनीत माझ्याशी बोलू लागले, मित्र दखनीत उत्तरे देऊ लागला, बहिणी कॉलेजातले हिंदी जुळवू लागल्या. त्यांनी माझ्यासाठी आपली भाषा बदलली. आईला दखनी येत नव्हती. ती माउली गप्प झाली. जेवताना तिने मला एकच वाक्य विचारले, "अन्नं तिन्नावा बाबू?" जेवलास का बाळा, एवढाच त्याचा अर्थ. मित्राने तो मला सांगितला, मी मान हलवली आणि संभाषण संपले. दोन दिवस त्या घरात सगळे बोलत होते. जिचे घर होते ती तेवढी बोलत नव्हती.

तिथे हिशेबी माणसाचे उत्तर मोडते. मी कोणाचे पैसे बुडवले नव्हते, कोणाशी वाईट वागलो नव्हतो, कांटच्या कसोटीला पुरेपूर उतरत होतो. तरी माझ्या नुसत्या असण्याची किंमत कोणीतरी भरत होते, आणि ते त्या बाईने बोलूनही दाखवले नसते. पाहुण्याचे देणे मला इथे सापडते. ते राज्याचे नाही, विद्यापीठाचे नाही, भाषा नावाच्या एखाद्या देवतेचेही नाही. आपण आत गेल्यामुळे जे माणूस गप्प झाले त्याचे ते आहे. पैशाने ते फिटत नाही, कारण त्याची पावती कोणी मागतच नाही. त्या माणसाला पुन्हा बोलता यावे इतपत आपण त्याच्याकडे सरकणे, एवढीच त्याची फेड. पुढच्या वर्षभरात मी मेसमधल्या वाढप्याकडून आणि बसच्या पाट्यांवरून मोडकीतोडकी तेलुगू जमवली. दुसऱ्या खेपेला त्या घरी गेलो तेव्हा त्या माउलीने माझ्या क्रियापदांना मनसोक्त हसून घेतले आणि मग पाऊस, भातशेती, थोरल्या लेकीचे सासर असे तासभर सांगत राहिली. मला निम्मे समजले. तिचे सांगणे मात्र पुरे झाले.

कोणी विचारील, मग हे देणे परमुलखात जाणाऱ्या प्रत्येकालाच लागू आहे का? पालमूरचे मजूर देशभर धरणे बांधत फिरले. उसतोडीला आपल्याकडची कुटुंबे दर हंगामात परक्या शिवारात जातात. त्यांनीही तिथली भाषा शिकावी, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. त्यांना रविवार नसतो. ज्याचा सगळा वेळ पोटाने घेतला त्याच्याकडे आणखी मागणे हा अन्याय होईल. खरे तर तो पोटासाठी चार शब्द आपणहून शिकतोच, बहुतेक वेळा आपल्यापेक्षा लवकर. हे देणे फुरसतीच्या प्रमाणात वाढते. विद्यार्थ्याला समाजाने आयुष्यातली सर्वांत मोठी फुरसत दिलेली असते, म्हणून त्याच्याकडे ते सर्वांत जास्त येते.

आता तो अवघड आक्षेप. हे सगळे मान्य केले तर उद्या कचेरीतला साहेब आपल्यालाच म्हणेल, 'बघा, तुमचाच लेखक म्हणतो की राहता तिथली भाषा शिकणे हे कर्तव्य आहे. मग मराठी शाळा कशाला, मराठीत उतारे कशाला?' ह्या धाकाने आपण पुष्कळदा पहिले पाऊलच टाकत नाही. पण ह्या युक्तिवादात दोन गोष्टींची सरमिसळ आहे.

पहिली अशी की माझे कर्तव्य आहे म्हणून तुला सक्तीचा अधिकार येतो, असे होत नाही. पाहुण्याने आभार मानावेत हे खरे. पण यजमान पाहुण्याची मान धरून आभार मानायला लावू लागला तर त्या शब्दांत आभार उरत नाहीत. आपल्या भागाने हे अनुभवलेले आहे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून विज्ञानाची, वैद्यकाची, कायद्याची पुस्तके उर्दूत आणली गेली. त्या कामाचे मोल कोणीही नाकारू नये. पण त्या संस्थानात निम्म्याच्या जवळपास लोक तेलुगू बोलत, चतुर्थांशाच्या आसपास मराठी, दशांशाच्या आसपास कन्नड. आणि ज्यांची घरची भाषा उर्दू तेही दशांशाच्याच आसपास. गुलबर्ग्याच्या, नांदेडच्या, वरंगळच्या पोराला आपल्याच मुलखात आपल्या भाषेला दार बंद दिसले. आजोबांची पिढी उत्तम उर्दू शिकली, त्यांतले काही तिच्यावर मनापासून प्रेमही करत. पण सक्तीचा सल गेला नाही. तीच उर्दू शेजाऱ्याच्या ओढीने शिकलेल्याला सल नव्हता. भाषा एकच, शिकवणाऱ्या हाताचा फरक.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाहुणा, शेजारी आणि घरचा ही तीन नाती वेगळी आहेत. मी हैदराबादेत पाहुणा होतो; मी उठून तिथे गेलो होतो. भालकीचा शेतकरी कुठेही गेलेला नाही. त्याच्या वावराची पहाणी पूर्वी उर्दूत लिहिली जाई, आता कन्नडात लिहिली जाते; वावर तिथेच आहे. त्याला पाहुण्याचे कर्तव्य सांगणे म्हणजे घरच्या माणसाकडे भाडे मागणे. राज्यघटनेलाही हा भेद समजला होता. ज्या १९५६ साली रेषा ओढल्या गेल्या त्याच साली सातव्या दुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. 'पाहुण्यांवर दया करा' असे त्यात म्हटलेले नाही. ती घरच्या माणसाच्या हक्काची भाषा आहे.

पण घरचा असलो तरी शेजारी राहतोच. हक्काच्या भांडणात आपण ही बाजू विसरतो. आपल्या गल्लीत ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्यांतल्या बहुतेकांना मराठी येते. बाजाराने त्यांना शिकवले, वारीने शिकवले, आपल्याशी बोलता बोलता ते शिकले. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईशी तिच्या भाषेत बोलता येईल असे आपल्यात किती जण आहेत? कचेरीतल्या कन्नडशी आपला झगडा आहे आणि तो न्यायाचा आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचे जे व्हायचे ते होईल. पण शेजारणीची कन्नड हा त्या दाव्यातला पुरावा नव्हे. ती शिकल्याने आपली बाजू लंगडी होत नाही.

आपण हे देणे मानतो की केवळ बळापुढे वाकतो, ह्याची एक सोपी कसोटी मला सुचते. ज्याला आपल्यावर सक्ती करताच येत नाही त्याची भाषा आपण शिकतो का? निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानचे अधिकारी म्हणून आदिलाबादेत होते. तिथले गोंड काही सत्तेवर नव्हते. अधिकाऱ्याने गोंडी शिकलीच पाहिजे असे त्यांच्यापैकी कोण म्हणणार होते? अधिकाऱ्याच्या भाषेत तक्रार मांडता आली तर मांडायची, नाही तर गप्प बसायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. पगडी गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचे व्याकरण लिहिले. सत्ता ज्याच्याकडे असते त्याच्यापुढे इतर सगळे आपोआप गप्प होतात. तिथे सरकायचे काम सत्तावानाचे. हाच न्याय सीमाभागातल्या कन्नड अधिकाऱ्याला लावला तर त्याने मराठी शिकायला हवी, आणि हाच न्याय आपल्याला लावला तर आपल्या तांड्यावरच्या लमाणी बाईची भाषा आपल्याला यायला हवी. न्याय एकच असेल तर तो दोन्हीकडे कापतो.

ही फेड नेहमी त्याच दारात होते असेही नाही. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांनी लढा दिला. अनेकांना काढून टाकले गेले, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना दारे उघडली. त्या चळवळीमुळे शिक्षण सोडून बाहेर पडावे लागलेल्या तेलुगू तरुणांत पी. व्ही. नरसिंह राव होते. नागपुरात त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि मराठी आत्मसात केली. ते पुढे पंतप्रधान झाले हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांनी हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'चा 'अबला जीवितमु' हा तेलुगू अनुवाद केला, हे मला त्यांच्या पदाहून कमी वाटत नाही. नागपूरने त्यांच्याकडे काही मागितले नव्हते. यमूची कहाणी तेलंगणातल्या घरांतून वाचली जावी, तिथल्या एखाद्या यमूने ती वाचावी, अशी ती फेड झाली. ज्याने दिले त्याला ती परत गेली नाही, पुढच्याला गेली. विद्येचे ऋण बहुधा असेच फिटते.

आज आपली मुले पुन्हा हैदराबादेला जात आहेत. २०१४ पासून ती तेलंगणाची राजधानी आहे. गच्चीबावली आणि हायटेक सिटीच्या काचेच्या इमारतींत वर्षानुवर्षे राहून दखनीचाही एक शब्द लागत नाही. इंग्रजीवर सगळे भागते. ज्यांची मुले त्याही पलीकडे गेली आहेत त्यांच्या फोनवर दर रविवारी फोटो येतात. शनिवारी एक शहर, रविवारी दुसरे, मागे पूल, किल्ला, घड्याळाचा मनोरा. आपण कौतुकाने पाहतो. पाहावेच. पोराने जग पाहिले ह्याचा आनंद कोणत्या आईबापाला होणार नाही?

फक्त फोनवर बोलताना 'काय काय पाहिलेस?' ह्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते. 'कोणाच्या घरी गेला होतास का, आणि तिथली म्हातारी तुझ्याशी बोलली का?' बोलली नसेल तर काय करायचे ते पोराला सांगावे लागत नाही. तेलुगूत 'अन्नं तिन्नावा', कन्नडात 'ऊटा आयता', आपल्याकडे 'जेवलास का'. जगातल्या कुठल्याही भाषेत पाहुण्याला विचारले जाणारे बहुधा हेच पहिले वाक्य असते. त्याचे उत्तर त्याच भाषेत देता आले की पुढचे बोलणे आपोआप सुरू होते.